अरण्यातून आलेला आवाज

गोमंतकाच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना सत्याग्रह, तुरुंगवास आणि हद्दपारी यांचा उल्लेख आवर्जून होतो. त्या मानाने बातमीच्या आघाडीवर झालेली झुंज उपेक्षित राहिली. ही झुंज सहा वर्षे देणाऱ्यांत लिबिया लोबो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म १९२४ साली गोव्यात झाला. पुढे कुटुंब मुंबईत स्थायिक झाले. पोर्तुगीज अमलातून ब्रिटिश मुलखात येणारा गोवेकर तांत्रिकदृष्ट्या परक्या राज्यात येत असे. खलाशी, आचारी, वादक अशा कष्टकऱ्यांसाठी धोबीतलाव परिसरात गावोगावच्या नावांनी सामाईक वसतिस्थाने उभी राहिली होती. त्यांना ते 'कूड' म्हणत. अशा स्थलांतरितांच्या मुंबईत लिबिया वाढल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याचे काम त्यांनी केले. नंतर ऑल इंडिया रेडिओत लघुलेखक व ग्रंथपाल म्हणून नोकरी करीत त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. भारत सरकारने त्यानंतर सीमा बंद केली. घरे दोन्हीकडे विभागली गेली. गोव्यातील वृत्तपत्रांवर सालाझारशाहीची नियंत्रणे होती आणि 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सरकारी बाजूच मांडीत होते. खरी वार्ता आत पोहोचविण्याचा मार्ग हवेतूनच उरला होता.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून एक गुप्त केंद्र बोलू लागले. १५१० साली याच तारखेला आल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या केंद्राचे मुख्य आधारस्तंभ होते. कोकणीतील वार्ता अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही कळत असे, पोर्तुगीजमधील वार्ता राज्यकर्त्यांच्या कानी पडे. दोन्ही भाषांची योजना अशी साभिप्राय होती. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हलविण्यात आले. बेळगावहून गोव्याच्या रेल्वेने गेलेल्यांना तेथील घनदाट झाडी आणि मुसळधार पाऊस ठाऊक आहे. मुंबईतील नोकरी आणि वकिलीची वाट सोडून एका तरुण स्त्रीने तेथे वर्षांमागून वर्षे काढावीत, याचे मोल शब्दांत सांगणे कठीण.

डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईच्या तोंडावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे शरणागतीचे आवाहन याच केंद्रावरून गव्हर्नर-जनरल वासालो ई सिल्वा यांना ऐकविण्यात आले. १८ डिसेंबरला बांबोळीचे बिनतारी केंद्र हवाई हल्ल्यात निकामी झाले. १९ तारखेला पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर विमानात ध्वनिक्षेपक बसवून लिबिया व वामन यांनी पणजीच्या आकाशातून मुक्तीची वार्ता घोषित केली. ४५१ वर्षांच्या राजवटीच्या अंताची बातमी देण्याचा मान स्थलांतरित घरातील मुलीला मिळाला.

१९६४ साली दोघे विवाहबद्ध झाले. वामन सरदेसाई यांना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली, लिबियाबाईंना मात्र त्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. या विलंबाचे एक कारण त्यांच्या कार्याच्या स्वरूपातच असावे. छापील शब्द ग्रंथालयाच्या दाखलपुस्तकात येतो. बोललेली बातमी ऐकणाऱ्याच्या मनातच राहते आणि ती पिढी सरली की तिची आठवणही सरते. सीमेच्या दोन्ही बाजूंना वाचक असलेल्या ग्रंथालयांनी म्हणूनच त्या पिढीच्या आठवणी टिपून ठेवणे, हे ग्रंथसंग्रहाइतकेच अगत्याचे कर्तव्य होय.