चार शिंगं कुणाला विचित्र वाटतात?

पोळ्याला आमच्या फैजपुरात बैलांची शिंगं साळून रंगवतात. हे काम करणाऱ्याला शिंगाची रचना कुणी शिकवावी लागत नाही. आत हाड, वर नखासारख्या पदार्थाची खोळ. खोळ निघाली की पहिल्यासारखं शिंग परत येत नाही. चितळ-सांबराचं वेगळं. त्यांची शिंगं म्हणजे नुसतं भरीव हाड; ती गळतात आणि नवी येतात.

अमेरिकेतला प्राँगहॉर्न या दोन्हींच्या अधेमधे आहे. त्याच्या शिंगातलं हाड कायम राहतं, पण खोळ दरवर्षी गळते. शिवाय त्या खोळीला फाटा असतो. हा प्राणी दिसतो काळविटासारखा, पण आज जिवंत असलेले त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी! त्याच्या स्वतःच्या कुळात तो एकटाच उरला आहे.

एके काळी मात्र हे कुळ भरलेलं होतं. नेवाडात सापडलेल्या इलिंगोसेरॉसची शिंगं सरळ आणि पिळदार होती. फ्लोरिडातल्या हेक्सामेरिक्सला सहा टोकं होती. स्टॉकोसेरॉसचं प्रत्येक शिंग बुडाशीच दुभंगायचं, म्हणजे एकूण चार. मला सर्वांत आवडतो तो कॅप्रोमेरिक्स. खांद्यापाशी उंची जेमतेम 60 सेंटीमीटर, वजन 10 किलोच्या आसपास, आणि डोक्यावर चार टोकं. त्याची हाडं लॉस एंजेलिस शहरातल्या ला ब्रेआच्या डांबराच्या डबक्यांत मिळाली. हिमयुग संपता संपता, साधारण 12 हजार वर्षांपूर्वी, हे चार टोकांवाले संपले. हवामान बदलत होतं आणि माणूसही तिथे पोचला होता. दोष कुणाचा, यावर अजून वाद आहे. दोन शिंगांचा प्राँगहॉर्न तेवढा वाचला, म्हणून आपल्याला दोन शिंगं नेहमीची आणि चार विचित्र वाटतात.

पण चार शिंगांचा एक रानटी प्राणी आजही जिवंत आहे, आणि तो आपल्याकडे आहे. चौशिंगा. उंचीला जवळपास कॅप्रोमेरिक्सएवढाच, वजनाला साधारण दुप्पट. कॅप्रोमेरिक्सशी त्याचं जवळचं नातं काही नाही. याचा चुलत भाऊ नीलगाय, आणि थोडं लांबून आपला पोळ्याचा बैलसुद्धा! त्यामुळे चौशिंग्याची शिंगंही बैलासारखीच, न गळणारी. एक शिंग दुभंगून त्याची दोन होत नाहीत. जोड्याच दोन असतात. मागची जोडी कानांच्या मध्ये, पुढची आखूड जोडी कपाळावर. शिंगं फक्त नराला. काही नरांना पुढची जोडी येतच नाही. निसर्गाने एकच कल्पना दोन खंडांत, दोन वेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या पद्धतीने करून पाहिली.

चौशिंगा जगात फक्त भारतात आणि नेपाळमध्ये आहे. आमच्याच सातपुड्याच्या रांगेत, पूर्वेला मेळघाटात तो राहतो. त्याची चार शिंगांची कवटी भिंतीवर मिरवायला शिकाऱ्यांना फार आवडायची. आता 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीवर बंदी आहे, तरी आंतरराष्ट्रीय यादीत तो असुरक्षित गणला जातो. त्याला नेमाने पाणी लागतं, त्यामुळे तो पाणवठ्यापासून फार लांब जात नाही. आणि सातपुड्यातले नाले उन्हाळ्यात आटतात.