विक्का : चेटूकविद्येच्या नावाने उभा राहिलेला घरगुती धर्म

इंग्रजीतील ‘विच’ या शब्दाला मराठीत ‘चेटकीण’ हाच प्रतिशब्द हाताशी असल्यामुळे दोन अगदी विरुद्ध गोष्टी आपल्याकडे एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिली म्हणजे गावाने एखाद्या बाईवर घेतलेला आळ. गुरे दगावली, मूल आजारी पडले, की संशयाचे बोट एखाद्या एकट्या राहणाऱ्या विधवेकडे वळते आणि त्याचा शेवट मारहाणीत, कधी खुनातही होतो. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने या प्रकारांना गुन्हा ठरवले. दुसरी गोष्ट इंग्लंड-अमेरिकेतील आहे. तिथे हजारो स्त्री-पुरुष हे नाव आपणहून धारण करतात आणि तो आपला धर्म असल्याचे सांगतात. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘पेगन’ आणि सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’ असे लिहिले. त्याच रकान्यात ‘जैन’ लिहिणारे सुमारे २५ हजार होते, यावरून या संख्येचा अंदाज यावा.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी युरोपात जी निसर्गपूजक, अनेक देवता मानणारी उपासना होती, तिच्या धर्तीवर आधुनिक काळात घडवलेल्या पंथांना एकत्रितपणे पेगन म्हणतात. ब्रिटनमधील ड्रुइड, आइसलँडमध्ये १९७३ साली सरकारमान्यता मिळालेला आसात्रू हे त्यांपैकीच. विक्का हा या कुळातील सर्वांत परिचित पंथ. त्यात साधारणपणे एक देवी आणि एक शिंगे असलेला देव यांची उपासना होते. सैतानाशी त्याचा संबंध नाही. सैतान ही ख्रिस्ती कल्पना असून विक्काचे अनुयायी ती मानतच नाहीत.

या पंथाचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर हा वृत्तीने साधुपुरुष मुळीच नव्हता. १८८४ साली लिव्हरपूलजवळ जन्मलेला हा माणूस सिलोनमधील चहाच्या मळ्यांत आणि पुढे बोर्निओ-मलायातील रबराच्या मळ्यांत राबला, मलायात सरकारी नोकरीत शिरला आणि १९३६ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतला. मलायातील ‘क्रिस’ या नागमोडी खंजिरावर त्याने अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिले आहे. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली आणि ते मंडळ प्राचीन परंपरेचा अखेरचा अवशेष होते, असे तो सांगे. ते सांगणे उघडपणे छापण्याजोगे झाले ते १९५१ नंतर. त्या वर्षी १७३५ चा चेटूकविषयक कायदा रद्द झाला. हा कायदा चेटूक करणाऱ्यांना नव्हे, तर चेटकाची शक्ती असल्याचे सोंग करणाऱ्यांना शिक्षा देणारा होता. १९४४ मध्ये हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईला त्याखाली तुरुंगवास झाला होता. १९५४ मध्ये गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. प्रस्तावना होती कोलकात्यात जन्मलेल्या मार्गारेट मरे या इजिप्तविद्येच्या पंडितेची. युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून जाळले, त्या एका जुन्या गुप्त धर्माच्या अनुयायी होत्या, असा सिद्धान्त या विदुषीने १९२१ मध्येच मांडला होता. गार्डनरच्या कथेला तो नेमका टेकू ठरला.

विक्काची बहुतेक विधिवाणी मात्र गार्डनरची नाही. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंट या कवयित्रीने त्याच्या उसन्या, जोडतोड केलेल्या मजकुराची छाननी करून ती नव्याने रचली. पंथ टिकला त्याचे बरेचसे श्रेय या बाईकडे जाते. गार्डनरला नग्नावस्थेतील विधींची आणि वृत्तपत्रांतील प्रसिद्धीची हौस होती. व्हॅलिएंटला उपासनेची भाषा कळत होती.

मरे यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी केव्हाच निकालात काढला आहे. युरोपातील खटल्यांत साधारणतः ४० ते ५० हजार माणसे मारली गेली असावीत. ‘९० लाख’ हा वारंवार फेकला जाणारा आकडा अठराव्या शतकातील एका जर्मन लेखकाच्या चुकीच्या गणितातून आला आहे. मेलेल्यांत बहुसंख्य साध्या ख्रिस्ती स्त्रिया होत्या आणि कोणत्याही गुप्त धर्माशी त्यांचा संबंध नव्हता. रोनाल्ड हटन यांनी ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या १९९९ च्या ग्रंथात विक्काची जडणघडण विसाव्या शतकातील असल्याचे साधार दाखवले. लक्षणीय बाब अशी, की अनेक जाणत्या अनुयायांनी हा निष्कर्ष स्वीकारला आणि तरीही उपासना सोडली नाही. धर्म जुना असल्याशिवाय खरा नसतो, हा आग्रह त्यांनी टाकून दिला.

सुरुवातीला मंडळाची दीक्षा घेतल्याशिवाय विक्कात प्रवेश नसे. १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाचे एकट्याने उपासना करणाऱ्यांसाठीचे पुस्तक आले आणि हा धर्म घराघरांत शिरला. घरातील एखादा कोनाडा, कपाटाचा वरचा फळा किंवा लाकडी पेटी हीच वेदी. तिच्यावर मेणबत्ती, पाण्याचे भांडे, मीठ, धूप, ऋतुमानाप्रमाणे फुले किंवा सुकी पाने आणि वर्तुळात पाच टोकांची चांदणी कोरलेली तबकडी, म्हणजे पेंटॅकल. विधीपूर्वी काळ्या मुठीच्या सुरीने हवेत एक वर्तुळ आखतात. ही सुरी काही कापण्यासाठी नसते, केवळ सीमा आखण्यासाठी असते. मग पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी अशी आवाहने होतात. पंचमहाभूतांत वाढलेल्या वाचकाला इथे आकाश तेवढे कमी भासेल. पण चांदणीचे पाचवे टोक आत्मतत्त्वाचे मानतात, तेव्हा हिशेब जुळतो.

केरसुणी उडण्यासाठी नसून विधीची जागा झाडण्यासाठी असते, आणि झाडायची असते ती कचऱ्याइतकीच घरातील उदासी. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या घराला यात नवल वाटू नये. बऱ्याच जणींचा धर्म तर स्वयंपाकघरातच असतो. कुंडीत रोझमेरी, थाइम लावणे, रस्सा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ढवळताना मनात एखादी इच्छा धरणे, पौर्णिमेला अंगणात दिवा ठेवणे, आणि हे सारे ‘बुक ऑफ शॅडोज’ नावाच्या वहीत टिपून ठेवणे. मंत्रप्रयोग म्हणून जे केले जाते तेही बहुधा असेच असते: कागदावर इच्छा लिहून तो मेणबत्तीवर जाळणे, दोऱ्याला गाठी मारणे. नवस आणि प्रार्थना यांच्या मधोमध त्याला जागा द्यावी लागेल.

वर्षात आठ सण. ३१ ऑक्टोबरचा साविन पितरांचा. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, त्याच दिवसांतला. डिसेंबरमधील सर्वांत मोठ्या रात्री यूल, १ मे रोजी बेल्टेन. १ ऑगस्टचा लॅमस हा पहिल्या पिकाचा, आपल्याकडील कणसांच्या फेस्ताची आठवण करून देणारा. आठही सण एकत्र पाळणारा कोणताही प्राचीन समाज मात्र ज्ञात नाही. हे चक्र १९५० च्या दशकात जुळवले गेले, आणि सप्टेंबरच्या सणाचे ‘माबोन’ हे नाव तर १९७० च्या दशकातील एका अमेरिकनाने दिलेले आहे. ऑस्ट्रेलियातील अनुयायांची अडचण वेगळीच. तिथे ऑक्टोबरात वसंत असतो, म्हणून साविन एप्रिलअखेरीस येतो, यूल जूनमध्ये. सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून अनेक जण अग्नीची दिशा उत्तर मानतात आणि वर्तुळही उलट दिशेने आखतात. जन्मभूमीच्या ऋतूंपासून तोडलेला धर्म ते पाळत नाहीत, हे यातून दिसते.

आचारनियम थोडे आहेत. कोणाला इजा होत नसेल तर मनाप्रमाणे वागावे, आणि जे दुसऱ्याला द्याल ते तिप्पट होऊन परत येते. या नियमांमुळे शापतापाचे प्रयोग बहुतेक अनुयायी त्याज्य मानतात. पंथाभोवती वाढलेला बाजार मात्र इतका सोवळा नाही. पैसे घेऊन ‘बाधा’ काढून देणारे भोंदू तिथेही आहेत. कॅलिफोर्नियातील आदिवासी जमाती पवित्र मानतात तो पांढरा सेज धुरीसाठी जुड्या बांधून विकला जातो आणि त्या जमातींनी यावर वारंवार आक्षेप घेतला आहे. चक्रे आणि कालीही याच बाजारात सहज मिळतात.

भारतात या मार्गाचे नाव घेतले गेले ते मुख्यतः कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांच्यामुळे. त्यांनी १९८० च्या दशकात आपण ‘विच’ असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि ‘बिलव्हेड विच’ हे आत्मचरित्र लिहिले. शहरी, सुस्थितीतील स्त्रीला हे नाव मिरवता येते. आसामात चेटकिणीच्या आरोपाविरुद्ध आयुष्य वेचून २०२१ मध्ये पद्मश्री मिळवलेल्या बिरुबाला राभा यांनी ज्या स्त्रियांना वाचवले, त्यांना तो पर्याय नव्हता.

कायद्याने या पंथाला धर्म मानावे का, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. १९८६ मध्ये व्हर्जिनियातील डेटमर नावाच्या कैद्याच्या प्रकरणात संघीय अपील न्यायालयाने विक्का हा धर्मच असल्याचे मान्य केले. कसोटी लावली ती प्राचीनतेची नव्हे, तर अनुयायाच्या जीवनात त्या श्रद्धेला इतर धर्मांसारखे स्थान आहे का, याची. मेणबत्त्या आणि झगा मात्र सुरक्षेच्या कारणास्तव त्याला मिळाला नाही. नेवाडा नॅशनल गार्डचा सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडले गेल्याने मारला गेला. तो विक्काचा अनुयायी होता. सैनिकांच्या स्मृतिशिलेवर कोरण्याच्या धर्मचिन्हांच्या सरकारी यादीत क्रूस होता, इतर धर्मांची चिन्हे होती, नास्तिकांचेही होते. पेंटॅकल नव्हते, आणि त्यासाठीचे अर्ज वर्षानुवर्षे पडून होते. त्याची पत्नी रॉबर्टा हिने कोरी शिला स्वीकारण्यास नकार दिला. खटला दाखल झाला आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने तडजोड करून पेंटॅकल यादीत घातले. २०१३ मध्ये त्याच यादीत थॉर या नॉर्स देवाचा हातोडाही आला.