दादामामाची बत्ती

गावचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं, तेव्हा माझ्या मामेभावाने दादामामाची लोखंडी ट्रंक कामोठ्याला माझ्याकडे आणून टाकली. "ताई, तू इतिहासाची बाई. तूच बघ काय ते." देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघणार आहे. त्यात गावातल्या फौजींवर एक पान आहे आणि दादामामावर चार ओळी मी लिहायच्या आहेत. मथळा भावाने आधीच ठरवून टाकलेला: 'ब्रह्मदेश आघाडीवरचा वीर'.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धात कोहिमा आलं की पुस्तक मिटून सांगायचे, "माझा सख्खा मामा तिथे होता बरं का. जपानी विमानांवर सर्चलाइट टाकायचा." मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. ते बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ट्रंकेत निघाली दोन पदकं, घड्यांवर फाटलेला डिस्चार्जचा कागद आणि एक वही. कागदाचा एक कोपरा वाळवीने खाल्लाय. भरती 1941, सुटका 1946, इंडियन आर्टिलरी, आणि पुढे 'सर्चलाइट' एवढा शब्द लागतो. युनिटचा नंबर वाळवीच्या पोटात गेला.

वहीने मात्र आम्हाला आठवडाभर छळलं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द कुठले ते कळेना. इंग्रजी माध्यमातला नातूसुद्धा म्हणाला, "आजी, हे इंग्लिश नाहीये." शेवटी एका दुपारी मी एकटीच मोठ्याने वाचायला बसले, लहान मुलं वाचतात तसं, एकेक अक्षर लावत. आणि कानावर आलं, "बत्ती जलाओ... दाहिने... और दाहिने... बत्ती बंद." हिंदुस्थानीच की! तेव्हाच्या फौजेत शिकवण्याची भाषा रोमन उर्दू होती. म्हणजे बोली हिंदुस्थानी, लिपी इंग्रजी. पठाण असो, मद्रासी असो की आमचा महाडकडचा चौथी पास मामा, सगळ्यांना एकच. स्वातंत्र्यानंतर ती गेली. डोळ्यांनी वाचत होतो तोवर ती वही मुकीच होती.

वहीवरून आणि थोड्या वाचनावरून या बत्तीचं काम कळलं. आत कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यामध्ये विजेची कमान पेटायची. मागे मोठा आरसा, शेजारी धडधडणारं जनरेटर. कांड्या जळत जायच्या तशा पुढे सरकवाव्या लागायच्या. तंबूतल्या सिनेमाच्या मशीनमध्येही अशाच कांड्या असत. लढाईनंतर मामाने दोन वर्षं टुरिंग टॉकीजवर मशीन चालवलं होतं, ते त्याला कसं जमलं हे कोडं असं सुटलं. दिव्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला झोताच्या चकाकीमुळे आकाशातलं काही दिसत नाही, म्हणून दिव्याला लांब दांडा जोडलेला असे. एक जण तो धरून दिव्याभोवती चालायचा आणि झोत फिरवायचा. मामा हा दांडेवालाच असावा असा माझा अंदाज आहे, कारण वहीत 'दाहिने-बाएं'च फार.

पण अंधारात विमान शोधायचं कसं? रडार हाताशी नसेल तिथे कानांनी. त्यासाठी मोठमोठ्या कर्ण्यांची यंत्रं असत. त्यातली गंमत अशी, की विमान तीन किलोमीटर उंचीवर असेल तर त्याचा आवाज खाली यायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. ताशी 360 किलोमीटर वेगाचं विमान तेवढ्यात 900 मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे ऐकू येतं तिथे ते नसतंच! 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तेव्हापासून आमच्या गच्चीवर हा प्रयोग करता येतो. आवाजाकडे बघावं तर नुसतं आभाळ, विमान भलतीकडेच. सोसायटीतल्या बायका विचारतात, "बाई, काय शोधताय?"

असो. आता पदकांकडे वळते, कारण खरी पंचाईत तिथेच झाली.

एकावर सिंह पायाखाली दुतोंडी ड्रॅगन घेऊन उभा आहे. ते 'वॉर मेडल', युद्धात 28 दिवस सेवा झालेल्या बहुतेक सगळ्यांना मिळालं. दुसऱ्यावर हिंदुस्थानचा नकाशा आहे. घरात आम्ही समजायचो, देशासाठी लढला म्हणून नकाशा. हे 'इंडिया सर्व्हिस मेडल' आघाडीवर नसताना हिंदुस्थानात तीन वर्षं नोकरी केल्याबद्दलचं. ब्रह्मदेशात लढलेल्यांना सहा टोकांचा 'बर्मा स्टार' मिळाला. तो ट्रंकेत नाही. भावाला फोन केला तर म्हणाला, "हरवला असेल."

मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मग मला 14 एप्रिल आठवला.

मामा युद्धातली एकच गोष्ट सांगायचा. मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळा आणि कापसाने भरलेलं जहाज फुटलं ती. दुपारी चारनंतर दोन प्रचंड धडाके झाले. शेकडो माणसं मेली, आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक त्यात गेले. जपान्यांनीच बॉम्ब टाकले अशी अफवा शहरभर पसरली. मामा म्हणायचा, "आम्ही धावत बत्तीकडे गेलो, वर बघतो तर धुराशिवाय काही नाही. त्या रात्री आभाळ इतकं लाल होतं की बत्ती पेटवायचीसुद्धा लाज वाटली असती." हे झालं 14 एप्रिल 1944 ला. आणि कोहिमाची लढाई सुरू झाली 4 एप्रिल 1944 ला. या दोन्ही तारखा मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिल्या! मुंबईच्या बत्तीवरचा माणूस त्याच आठवड्यात कोहिमाला कसा असेल, हा प्रश्न इतिहासाच्या बाईला एकदाही पडला नाही.

मामाने ब्रह्मदेशाचं नाव काढल्याचं काही केल्या आठवत नाही. ते मी घातलं. गावात त्याला 'बत्तीवाला' म्हणून चिडवायचे, त्याचा मला राग यायचा, म्हणून असेल. लहानपणी एकदा मी विचारलं होतं, "तुझ्या बत्तीत किती विमानं सापडली?" तो म्हणाला होता, "एकही नाही. आलीच नाहीत." "मग काय करायचास?" "मग काय, पहाटे विझवायची."

ते खरंच होतं. 1942 च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले, त्याच डिसेंबरात कलकत्त्यावर पडले. सिंगापूर-रंगून पडल्यावर मुंबईत अंधार पाळला जाई, घाबरून लोक गावाकडे पळाले होते. पण युद्ध संपेपर्यंत मुंबईवर एकही विमान आलं नाही. ते येणार नाही हे मामाला कोण सांगणार होतं? त्याने प्रत्येक रात्र जागूनच काढली.

परवा भावाला हे सगळं सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, माणूस जाऊन इतकी वर्षं झाली. आता खणून काय मिळवलंस?" मी म्हटलं, तू माझ्या वर्गात नव्हतास, म्हणून तुला असं वाटतं. त्याला ते पटलं नाही.

स्मरणिकेसाठी मी त्याला एवढंच लिहून पाठवलंय: 'हिंदी तोफखाना, सर्चलाइट दल. मुंबईच्या रक्षणासाठी रात्रपाळी. 1941 ते 1946.' छपाईला अजून पंधरा दिवस आहेत. त्याचं उत्तर आलेलं नाही. माझे जुने विद्यार्थी इथे वाचत असतील, तर त्यांनी कोहिमाच्या धड्यातलं माझं ते वाक्य तेवढं खोडावं.