आठ इंच

आमच्या वाळवा तालुक्यात माझ्या आज्ज्याच्या काळात ऊस बैलगाडीतनं जायचा, तो गुऱ्हाळावर. लाकडी चाक, मधी तुंबा, आरे, वर लोखंडी धाव. 1950 साली प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढं कृष्णाकाठीही धुराडी उभी राहिली. ऊस लांब न्यायचा म्हणून टायरगाड्या आल्या. चाक लहान झालं, साटा खाली आला, भरणाऱ्याची मान थोडी सुटली. मग ट्रॅक्टर आले आणि साटा परत वर गेला. ही गोष्ट त्या उंचीची आहे.

1984 साली मी कोल्हापूरच्या भंगारातनं एका जुन्या ट्रकच्या चॅसीचा मागचा अर्धा भाग आणला. ट्रक टाटा-मर्सिडीजचा होता. टाटांनी 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बांधायला घेतले. 1969 ला करार संपला आणि पुढच्या गाड्यांवरची तीन टोकांची चांदणी गेली. शेजारी पडलेल्या बोनेटवर ती चांदणी अजून होती. लोखंड असं की घण मारला तर घंटेसारखं वाजायचं. गोळ्याचा आख काढून सरळ चौकोनी आख घातला, वर फळ्या ठोकल्या, ट्रॉली झाली. फळीची उंची जमिनीपासून 48 इंच. मला अभिमान वाटला होता.

त्या 48 इंचांचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. फडात बीडकडचे तोडकरी होते. मोळी डोक्यावर घ्यायची, टेकवलेल्या फळीवरनं चढायचं आणि वर टाकायची. माल जसा चढतो तशी फळी उभी होत जाते. सकाळी दव होतं. एका बाईचा पाय सटकला. ती खाली, मोळी तिच्या अंगावर. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याचे पैसे मी दिले. पण नवराबायको मिळून एक कोयता, त्यातला अर्धा गेला. मुकादमाच्या वहीतली उचल तशीच राहिली. नवरा एकटा तोडत होता आणि ती कोपीत पडून होती. रोज तिच्यासमोरनं ट्रॉली न्यायची मला लाज वाटायची.

हंगाम संपल्यावर ट्रॉली खाली घ्यायची ठरवली. युक्ती सोपी वाटली. आखावर पाटे होते ते आखाखाली बांधायचे. आख 3 इंच, पाट्यांची थप्पी 5 इंच, म्हणजे चॅसी 8 इंच खाली. केलं तसं. पण खड्ड्यात पाटा दबला की आख वर येऊन चॅसीला ठाणठाण ठोकायचा. मग वेल्डरकडनं चॅसीचा खालचा ओठ गॅसनं चौकोनी कापून आखाला जागा केली. पाचसहा खेपांत कापाच्या कोपऱ्यातनं चीर वर चढली. पाच टन ऊस भरलेला असताना मोडली असती, तर आणखी कुणाचा तरी जीव गेला असता.

गावातल्या लोहार तात्यांनी चीर बघितली आणि हसले न्हाईत. म्हणाले, "आरं बाळा, धोतर कुठनं फाटतं? कोपऱ्यातनंच न्हवं? पन्हळीचा सगळा जोर तिच्या वरच्या-खालच्या ओठांत असतोय. तू ओठच कापलास आन् बदल्यात काय दिलंस?"

तात्यांनी चिरेच्या शेंड्याला भोक पाडून ती थांबवली. काप अर्धचंद्रासारखा गोल केला. दोन्ही बाजूंनी हातभर लांब जाड पट्ट्या लावल्या आणि त्या बोल्टांनी आवळल्या. बोल्टांची भोकं उभ्या अंगात पाडली, ओठांना हात लावला नाही. वेल्डिंगही टाळलं, कारण चॅसीचं लोखंड तापलं की तिथंच कडक होऊन पुढं तडकतं. कापाच्या वरनं कमानीसारखा एक तुकडा दिला. "जेवढं काढलंस त्येच्यापेक्षा जास्त परत दे," एवढंच म्हणाले. टायर 40 इंची, फळीही आता 40 वर. म्हणून चाकांवरच्या फळ्या कापून पत्र्याच्या टोप्या बसवल्या. पुढची दांडी ट्रॅक्टरच्या हुकाला जुळवून घेतली. दोनतीन मोळ्यांची जागा गेली, ती जाऊ दिली.

पुढच्या हंगामात भरणाऱ्या बायका एकदा चढून बघून म्हणाल्या, "मालक, चढण मोडली जणू." आठ इंच म्हणजे एक वीत. पण दिवसाला शे-दोनशे वेळा चढणाऱ्याला ती वीत मोठी असते. वळणावर ट्रॉलीही पहिल्यासारखी कलत नव्हती. भावकीतल्या दोघांनी मग आपल्या ट्रॉल्या तात्यांकडे नेल्या.

ट्रकवाल्यांनी तो ट्रक उंच बांधला, त्यात त्यांची चूक नव्हती. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांना उंचीच लागायची. चूक माझी, की रस्त्यासाठी केलेली उंची मी माणसाच्या डोक्यावर आणून ठेवली.

ट्रॉली अजून गोठ्यामागं आहे. तात्यांचे बोल्ट गंजलेत, पण ढिले झालेले नाहीत. ती बाई मात्र पुन्हा आमच्या फडात आली नाही. आठ इंच खाली आले ते तिच्यामुळं, पण तिच्यासाठी उशिरा.