अंदाज घरचा, निवाडा दरबारचा

फ्रेंच माणसाला इंग्रजी शिकणे सोपे जायला हवे. इंग्रजी शब्दकोश उघडला की पानोपानी त्याला आपलेच शब्द भेटतात. पण अंदाज बांधणे, भाकीत करणे आणि निवाडा देणे या तीन कामांचे शब्द आले, की तो अडखळतो. ओळखीचा चेहरा दिसावा आणि जवळ गेल्यावर माणूस भलताच निघावा, तसे त्याचे होते.

उदाहरण घेऊ. फ्रेंचमध्ये 'साँ दूत' असा शब्दप्रयोग आहे. शब्दशः अर्थ 'शंकेविना'. पण आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'बहुधा' एवढाच उरला आहे. शंका खरोखरच नसेल, तर 'कसलीही' या अर्थाचा आणखी एक शब्द मध्ये घालावा लागतो. आपल्याकडेही 'येतोच' म्हणणारा माणूस कितपत येतो, हे आपण जाणतोच! इंग्रजीत मात्र 'विदाउट डाउट' म्हणजे खात्री.

दुसरा शब्द 'एव्हाँत्युएलमाँ'. त्याचा अर्थ 'झालेच तर', 'वेळ पडली तर'. इंग्रजीतला त्याचा भाऊ 'इव्हेंच्युअली'. त्याचा अर्थ 'शेवटी', म्हणजे जे उशिरा का होईना, घडतेच. फ्रेंच व्यापाऱ्याने 'वेळ पडली तर माल घेऊ' अशा अर्थाने हा शब्द इंग्रजी पत्रात घातला, तर लंडनचा व्यापारी माल बांधायला घेईल. तिसरा शब्द 'आरे'. फ्रान्समध्ये तो वरिष्ठ न्यायालयाचा निकाल. इंग्लंडमध्ये तोच 'अरेस्ट' झाला, म्हणजे अटक. एकाच शब्दाने एका किनाऱ्यावर खटला संपतो आणि दुसऱ्या किनाऱ्यावर सुरू होतो.

हे असे का झाले, याचे उत्तर व्याकरणात नाही, इतिहासात आहे. शब्द कोणाच्या तोंडी होता आणि कोणत्या जागी बसून उच्चारला जात होता, यावर पुष्कळ काही ठरते.

1066 साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला. त्याची आणि त्याच्या सरदारांची भाषा फ्रेंच. त्याआधी इंग्रजांकडे निवाड्यासाठी स्वतःचा शब्द होता, 'डूम'. निवाडा, कायदा, न्याय असे सगळे अर्थ त्यात होते. निवाडा करणे म्हणजे 'डीम'. दिव्य करून न्याय मिळवणे म्हणजे 'ऑर्डील', आणि या शब्दाचाही मूळ अर्थ निवाडाच. नवे राज्यकर्ते आले आणि हे तिन्ही शब्द न्यायासनावरून खाली उतरले.

उतरलेल्या शब्दांचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. 1086 साली विल्यमने देशभरातल्या जमिनींची आणि गुराढोरांची मोजदाद करवली. त्या दफ्तराला लोकांनी नाव दिले 'डूम्सडे बुक', कयामतच्या दिवसाचे पुस्तक. त्यात लिहिले ते शेवटचे, त्यावर अपील नाही. आज 'डूम' म्हणजे केवळ सर्वनाश. 'डीम' मात्र कायद्याच्या कोपऱ्यात तग धरून राहिला. आपल्याकडची 'डीम्ड' विद्यापीठे किंवा मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांना ठाऊक असलेले 'मानीव अभिहस्तांतरण' यांत तोच शब्द आहे. फक्त निवाडा जाऊन 'मानून घेणे' उरले. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर न्यायाधीशाला आजही 'डीम्स्टर' म्हणतात. आणि 'फ्रीडम', 'विज्डम' या शब्दांच्या शेवटी जो 'डम' आहे, तो याच 'डूम'चा अवशेष. स्वातंत्र्याच्या शेपटाला निवाडा बांधलेला आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

'ऑर्डील'ची गोष्ट आपल्याला विशेष जवळची वाटेल. तापलेले लोखंड हाती घेणे किंवा उकळत्या पाण्यात हात घालणे, हा युरोपातला जुना न्याय. मराठेशाहीतल्या गोतसभांपुढेही उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होत असे आणि निवाड्याचे महजर लिहिले जात. 1215 साली रोमच्या धर्मपरिषदेने पाद्र्यांना अशा दिव्यात भाग घ्यायला मनाई केली. देवाचा कौल मिळेना, तेव्हा इंग्लंडमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शपथेवरच्या कौलाला महत्त्व आले. 'ऑर्डील'ला आज मोठ्या संकटातून जाणे एवढाच अर्थ राहिला, जसा आपल्याकडे 'अग्निदिव्या'ला राहिला.

न्यायासनावर मग फ्रेंच शब्द बसले. 'जज' आला. शपथ घेतलेल्यांची 'ज्युरी' आली. त्यांनी द्यायचा तो 'व्हर्डिक्ट', म्हणजे 'खरे सांगितलेले'. पुढे लॅटिनमधून 'प्रेडिक्ट' आला, म्हणजे 'आधी सांगणे'. दोन्ही शब्दांत सांगणेच आहे. एकात आधी सांगणे, दुसऱ्यात खरे सांगणे. आणि अंदाजासाठी? त्यासाठी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषांशी नाते सांगणारा 'गेस' हा साधा शब्द बाजारात आणि चुलीपाशी राहिला. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काव्यात तो सहज येतो. पुढे अमेरिकन माणूस बोलताबोलता तोच शब्द वापरू लागला, तेव्हा इंग्रजांनी नाक मुरडले. आपल्याच आद्य कवीचा शब्द त्यांना गावंढळ वाटला.

थोडक्यात, इंग्रज माणूस अंदाज घरच्या भाषेत बांधत होता आणि त्याचा निवाडा मात्र दरबारच्या भाषेत होत होता. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या बाजूने काय बोलले जाते आणि विरुद्ध काय, हे कळत नव्हते. समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून त्याने आपल्या नशिबाचा काय तो अंदाज बांधायचा.

अखेर 1362 साली तिसऱ्या एडवर्डच्या संसदेने कायदा केला की न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. कारणही स्पष्ट दिले. फ्रेंच भाषा लोकांना फारशी कळत नाही, त्यामुळे आपल्याबद्दल काय बोलले जाते ते त्यांना समजत नाही. गंमत अशी, की हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये आणि नोंदी ठेवायच्या होत्या लॅटिनमध्ये.

वकिलांनी फ्रेंच काही सोडली नाही. तिची पुढे काय दशा झाली, त्याची एक नोंद प्रसिद्ध आहे. 1631 साली सॅलिसबरीच्या न्यायालयात शिक्षा झालेल्या एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला. तो थोडक्यात चुकला. नोंद करणाऱ्याची फ्रेंच इथे संपली. विटेच्या तुकड्याला आणि 'थोडक्यात चुकला'ला त्याने सरळ इंग्रजी शब्द घातले आणि पुन्हा मोडक्या फ्रेंचकडे वळला. कायद्याच्या अभ्यासकांना ही नोंद वाचून हसू येते. पण तिचा शेवट हसण्यासारखा नाही. त्या माणसाचा उजवा हात तोडला गेला आणि त्याला तिथेच फाशी दिली. निकालाच्या भाषेत त्याला एक शब्द बोलता येत होता की नाही, हे नोंदीत नाही. त्याने काय फेकले, तेवढेच आहे.

राजेशाही उलथल्यावर 1650 साली संसदेने कायद्याचे सगळे काम इंग्रजीत आणले. 1660 साली राजा परतला आणि जुन्या भाषाही परतल्या. 1731 साली पुन्हा कायदा झाला आणि 1733 च्या मार्चपासून इंग्लंडच्या न्यायालयांचे कामकाज व नोंदी कायमच्या इंग्रजीत आल्या. 1362 पासून मोजले तर पावणेचारशे वर्षे लागली.

दरम्यान गेलेले शब्द माहेरी परतू लागले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1791 साली फ्रान्सने इंग्लंडच्या धर्तीवर ज्युरीची पद्धत सुरू केली आणि 'ज्युरी' हा मुळातला आपलाच शब्द इंग्रजीतून उसना घेतला. 'व्हर्डिक्ट'ही असाच परतला. 'बजेट'ची कथा तीच. जुन्या फ्रेंचमध्ये 'बुजेत' म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. इंग्लंडमध्ये ती अर्थमंत्र्याच्या हाती गेली, 'बजेट' झाली आणि त्याच नावाने फ्रान्सला परतली. मराठीने तिला अचूक नाव दिले, अंदाजपत्रक. सरकारचा हिशेब हा आधी अंदाज असतो आणि निवाडा नंतर जनता देते, हे त्या शब्दातच आहे.

आता भाकिताकडे वळू. 14 नोव्हेंबर 1854 रोजी, क्रिमियाच्या युद्धात, काळ्या समुद्रातल्या वादळाने इंग्रज आणि फ्रेंच जहाजांची धूळधाण केली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए याने ठिकठिकाणच्या नोंदी जमवून दाखवले, की हे वादळ युरोप ओलांडत आले होते आणि तारायंत्राने आधी सूचना देणे शक्य होते. 1859 साली वेल्सच्या किनाऱ्यावर 'रॉयल चार्टर' हे जहाज फुटून सुमारे साडेचारशे माणसे गेली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने वादळाच्या सूचना सुरू केल्या आणि 1 ऑगस्ट 1861 रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हवामानाचा पहिला अंदाज छापून आला. डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचा कप्तान तो हाच.

या नव्या कामाला नाव काय द्यायचे? 'प्रॉफेसी' म्हणजे पैगंबरी वाणी, 'प्रेडिक्शन' म्हणजे ज्योतिषाचा वास. फिट्झरॉयने दोन्ही नाकारून 'फोरकास्ट' हा शब्द घेतला. हे भाकीत नव्हे, नोंदी आणि गणित यांवर आधारलेले मत आहे, असे तो सांगत राहिला. लोकांनी मात्र अंदाजाला निवाडा मानले आणि तो चुकला की त्याची टर उडवली. 1865 साली त्याने आपले आयुष्य संपवले. अंदाज म्हणजे वचन नव्हे, एवढे कळायला समाजाला किती वेळ लागतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हा करुण दाखला.

'फोरकास्ट'मधल्या 'कास्ट'चा अर्थ फेकणे. इंग्रजी आणि फ्रेंच दोहोंत असलेल्या 'कंजेक्चर' या तर्कवाचक शब्दातही लॅटिनमधले फेकणेच आहे. आणि आपला 'अंदाज'? फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे. तिरंदाज, गोलंदाज यांतला 'अंदाज' तोच. न दिसणाऱ्या गोष्टीच्या दिशेने माणूस काहीतरी फेकतो, लागले तर लागले! तीन वेगळ्या भाषांना अंदाजाकडे पाहताना हेच सुचले.

आपल्या 'होऱ्या'चे मूळ ग्रीक 'होरा'त आहे आणि फ्रेंच 'अर', इंग्रजी 'अवर' म्हणजे तास, हेही त्याच घरचे. 'कयास' हा शब्द मी आधी ऐकला तो धर्मशास्त्राच्या चर्चेत. कुराण, हदीस आणि विद्वानांचे एकमत यांनंतर ताडून निर्णय करण्याची रीत म्हणजे कयास. मराठीत येता येता 'डूम'सारखाच तो न्यायासनावरून उतरला आणि नुसता अंदाज झाला. 'फैसला' अरबीतून आला. पण 'निवाडा' हा निवडण्यातून आलेला, सुपातल्या तांदळातून खडे वेगळे करणाऱ्या हातांचा शब्द आहे. आपल्याकडे निवाड्याला घरचा शब्द आहे, ही भाग्याची गोष्ट.

पण शब्द असून भागत नाही, तो आसनावर बसावा लागतो. 1998 साली महाराष्ट्र शासनाने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे जाहीर केले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज राज्यघटनेच्या 348 व्या कलमानुसार इंग्रजीत चालते. अलीकडे काही निकालांचे मराठी अनुवाद मिळू लागले आहेत, ही चांगली सुरुवात. इंग्रजांना स्वतःच्या भाषेत स्वतःचा निकाल ऐकायला पावणेचारशे वर्षे लागली आणि तीच इंग्रजी ते आपल्या न्यायासनावर बसवून गेले. पिंजऱ्यातल्या माणसाने वकिलाच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधावा, हा न्याय नव्हे. ज्या भाषेत त्याने रात्रभर जागून निकालाचा कयास केला, त्याच भाषेत सकाळी त्याला निवाडा ऐकू यावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)