‘जसं होतं तसंच ठेवा’, पण कधी होतं तसं?

संशोधनाला सुरुवात करताना आपल्यापैकी बरेच जण एक चूक करतात. लोकांची मतं हाती आली, की त्यांचे दोन ढीग लावायचे: बाजूने आणि विरोधात. मीही तेच केलं होतं. त्या ढिगांचं पुढे काय झालं, ते आज सांगते. वारसा, स्मृती किंवा लोकप्रिय संस्कृती यांवर काम करायचा विचार असेल, तर हा खड्डा तुमच्याही वाटेत येणार आहे.

उदाहरण आहे कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमधल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राईडचं. नाव वाचून सिनेमा आठवला ना? पण राईड आधीची आणि सिनेमा नंतरचा. राईड सुरू झाली १८ मार्च १९६७ रोजी. होडीत बसायचं, अंधारात दोन छोट्या उतारांवरून खाली घसरायचं आणि समुद्री चाच्यांनी लुटलेल्या गावातून पुढे जायचं. दोन्ही काठांवर हलणारे, बोलणारे, गाणारे यांत्रिक पुतळे. आधी बेत होता चालत बघायच्या मेणाच्या पुतळ्यांचा. १९६४-६५च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात डिस्नेच्या लोकांनी होड्या आणि यांत्रिक पुतळे वापरून पाहिले, ते लोकांना आवडले आणि बेत बदलला. म्हणजे सुरू होण्याआधीच ही राईड एकदा बदललेली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी वारले, उद्घाटनाच्या तीन महिने आधी. त्यामुळे चाहत्यांच्या लेखी ही राईड म्हणजे जणू त्यांची शेवटची सही. तिच्यातल्या प्रत्येक दुरुस्तीवर एवढा वाद का होतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता तीन तारखा बघा. १९९७ साली गावातल्या बायकांमागे धावणाऱ्या चाच्यांचा प्रसंग बदलला. बायकांच्या हातात खाण्याची ताटं आली आणि चाचे त्या खाण्यामागे धावू लागले. २००६ साली जॅक स्पॅरो राईडमध्ये आला. २००३चा सिनेमा राईडवरून निघाला होता, आता सिनेमातलं पात्र राईडमध्ये शिरलं. २०१८ साली बायकांच्या लिलावाचा प्रसंग बदलला. लिलावात उभी असलेली लाल केसांची स्त्री स्वतःच चाची झाली आणि लिलाव लुटीच्या मालाचा सुरू झाला.

तिन्ही वेळा चाहते चिडले. ‘जसं होतं तसंच ठेवा’ हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सारखं भेटत राहतं. माझा ‘विरोधात’चा ढीग भराभर वाढत गेला. मग गाईड मॅडमनी तो तक्ता पाहून एकच प्रश्न विचारला: “यांना कोणत्या सालचं हवंय?”

मी गप्प बसले. घरी येऊन सगळं पुन्हा वाचलं. कुणाला १९६७चं हवं होतं. कुणी २०१८च्या बदलावर नाराज होतं, पण ताटं घेतलेल्या बायका त्यांना मूळच्याच वाटत होत्या. ज्यांनी आधी सिनेमा पाहिला आणि मग राईड, त्यांना जॅक स्पॅरोशिवाय ती अपुरी वाटणार हे उघड आहे. ‘मूळ’ हा शब्द एकच होता, पण त्यामागची सालं निराळी होती. बहुतेकदा ‘मूळ’ म्हणजे मी पहिल्यांदा बसले तेव्हाचं, शेजारी आई किंवा आजोबा होते तेव्हाचं. हे मत राईडबद्दल जेवढं, तेवढंच स्वतःच्या बालपणाबद्दलचं असतं. त्याला हसू नका. पण राईडच्या इतिहासाचा पुरावा म्हणून ते जसंच्या तसं वापरूही नका.

इथे मला आपल्या भाषेतले तीन शब्द उपयोगी पडले: डागडुजी, नूतनीकरण आणि जीर्णोद्धार. गळती थांबवली, रंग दिला, ती डागडुजी. तिच्याविरुद्ध कुणी फारसं बोलत नाही. जुन्या यंत्रांच्या जागी नवी आणली, ते नूतनीकरण. थोडी कुरकुर होते. जीर्णोद्धारात देऊळ नवं होतं, पण मूर्ती तीच राहते. खरा वाद पेटतो तो मूर्ती कोणती, यावर. काहींना ती वॉल्टच्या काळातल्या कलावंतांची कारागिरी वाटते, तर काहींना अंधारातून होडीने जाण्याचा तो अनुभव. गंमत म्हणजे हे पार्क कधीच पूर्ण होणार नाही, असं स्वतः वॉल्ट सांगत. बदल हवा म्हणणारे तो दाखला देतात, नको म्हणणारे त्यांच्या कारागिरीचा. साक्षीदार दोघांचाही तोच.

लिलावाच्या प्रसंगाबाबत मात्र तटस्थ राहणं सोपं नाही. ‘तेव्हा कुणाला खटकलं नाही, हे सगळं आजच्या काळाचं खूळ’ असा एक युक्तिवाद असतो. तारखा तो टिकू देत नाहीत, कारण पाठलागाचा प्रसंग २१ वर्षं आधीच आक्षेपांमुळे बदलावा लागला होता. ‘चाचे असेच होते, इतिहास पुसू नका’ हा दुसरा. पण कॅरिबियनच्या बंदरांत माणसांचे लिलाव खरोखर होत होते, आणि विकले जात होते ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. चाच्यांनीही गुलामांची जहाजं लुटली, माणसं विकली. तो इतिहास १९६७च्या राईडमध्ये नव्हताच. तिथे होता तो लिलावाचा विनोद. जे दाखवलंच नव्हतं, ते पुसणार कसं?

आणि शेवटचं, माझ्या तक्त्यातली सगळ्यात मोठी उणीव. माझ्याकडे मतं होती ती चाहत्यांची. तो प्रसंग बघून जिला अवघडल्यासारखं झालं आणि जी पुन्हा कधी त्या होडीत बसलीच नाही, ती चाहती झाली नाही. तिने लिहिलं नाही, आणि माझ्या ढिगात तिचा कागद नाही. प्रेम करणारे मागे कागद ठेवतात, मुकाट्याने निघून जाणारे ठेवत नाहीत. ‘बहुसंख्यांना जुनंच हवं होतं’ हे वाक्य मी प्रबंधातून काढून टाकलं ते यामुळेच.

तुमचा विषय गावातलं जुनं थिएटर असो, एसटी स्टँड असो की एखादी राईड, मतांचे ढीग लावण्याआधी प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. याचं ‘मूळ’ कोणत्या सालचं? याला डागडुजी नको आहे, की मूर्ती हलायला नको आहे? आणि या विषयावर कोण बोललंच नाही? माझ्या तक्त्यात आता दोन रकाने नाहीत, सात आहेत. सातवा अजून रिकामा आहे. तो न बोललेल्यांचा.