खारे पाणी, गोडे पाणी : घरातल्या काचेच्या टाकीचा इतिहास

नृसिंहवाडीला नदी देवळात येते, याचे आम्हा वाडीकरांना अप्रूप वाटत नाही. पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या, की पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते आणि त्या ‘दक्षिणद्वार’ पर्वणीला स्नानासाठी लोकांची रीघ लागते. ऑगस्ट २०१९मध्ये मात्र नदी देवळावर थांबली नाही, ती घरोघर शिरली. आम्ही जयसिंगपूरला नातेवाइकांकडे गेलो. आठवड्याने परतलो तेव्हा सोप्यातली माशांची टाकी गाळाने भरलेली होती. आत मासा एकही नव्हता. चिखल काढायला मदतीला आलेल्या भोयाने सहज विचारले, “काका, मासं गेलं कुठं?” उत्तर उघड होते : नदीत.

यंदा नातीने पुन्हा टाकीचा हट्ट धरला. तिला सिनेमातला नारिंगी-पांढरा मासा हवा, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी. माझा कल गोड्या पाण्याकडे. या घरगुती वादातून मी जुनी पुस्तके काढली, त्यातून हा लेख झाला.

खारे आणि गोडे हा भेद आपल्याकडे नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा चालुक्यांचे मांडलिक होते, म्हणजे आपला मुलूखही त्याच छत्राखाली येतो. या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच आहे. त्यात समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. कोणाला कोणते आमिष चालते, तेही सांगितले आहे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले. तिथे खाऱ्या आणि गोड्या पाण्याचे मासे एका छपराखाली आले. आमच्या पिढीतल्या अनेकांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या सहलीत, तिथल्याच काचेआड.

पण घरातली टाकी ही गोष्ट युरोपातून आली. लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५०मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सोनमासे, थोडी पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलता ते बराच काळ चांगले राहते, असे त्याला आढळले. म्हणजे शास्त्रशुद्ध टाकीची सुरुवात गोड्या पाण्यातून झाली. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याने ‘ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहून घरात समुद्र ठेवण्याचे वेड लावले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून खारे पाणी बनवण्याची कृतीही त्याने प्रसिद्ध केली.

त्या वेडाची किंमत किनाऱ्याने मोजली. हौशी लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी अक्षरशः धुऊन नेली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली वडिलांवरच्या आपल्या पुस्तकात याबद्दल खंत व्यक्त केली आहे. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते उगीच नव्हे.

खारी टाकी अवघड का, हे माशाच्या शरीरात पाहावे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरते आणि तो ते सतत बाहेर टाकतो. समुद्री माशाच्या अंगातून पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्र पितो. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. उन्हाळ्यात पाणी उडते, क्षार मागेच राहतात आणि खारटपणा वाढतो. त्यामुळे रोज गोडे पाणी घालून तोल सांभाळावा लागतो. शिवाय त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. पंप बंद पडला, की खाऱ्या टाकीला उसंत कमी. आणि पुराच्या दिवसांत वाडीची वीज किती वेळ जाते, हे मी सांगायला नको.

एवढ्यावर गोड्या पाण्याची बाजू जिंकली असे मी समजत होतो. मग भोयाचा प्रश्न आठवला. खाऱ्या टाकीतला मासा पुरात वाहून गेला, तर नदीच्या पाण्यात मरेल. गोड्या टाकीतला जगू शकतो, आणि धोका तिथेच आहे. माझ्या टाकीत गप्पी होते आणि दुकानदाराने ‘काच साफ ठेवतो’ म्हणून दिलेला एक सकर मासाही होता. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांचे चिलखत, कमी प्राणवायूतही टिकणारा. भारतात अनेक ठिकाणच्या पाण्यात तो पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. माझ्या माशाचे काय झाले ते कधीच कळणार नाही. पण त्याला नदीकाठी, पूररेषेत आणून ठेवला तो मीच.

आणि आमची नदी काही रिकामी नव्हती. कर्नल सायक्सने १८४१मध्ये दख्खनच्या माशांवरचा प्रबंध छापला, तेव्हा शास्त्रीय नावे देताना त्याने इथल्या लोकांच्याच तोंडचे शब्द उचलले. खुद्री, कोळस, शिंगटी, नुक्ता हे शब्द लॅटिन नावांत अजून टिकून आहेत. १९५६ साली कलावार आणि केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. ज्या माशांना आपल्या बोलीने जगाच्या शास्त्रात नाव दिले, त्यांच्या घरात परका पाहुणा सोडण्याचा मला काय अधिकार?

म्हणून निर्णय असा झाला : टाकी गोड्या पाण्याची, सोप्यात न ठेवता माडीवर, सकर नाही, गप्पी नाही. भोयाकडून नदीतलेच बोटभर चार-पाच मासे घ्यायचे, तेही विणीचा पावसाळा उलटल्यावर. किनारे लुटणाऱ्या गॉसच्या वाचकांची चूक आपण नदीवर करायची नाही. नातीला तिचा नारिंगी मासा मिळाला नाही, ती दोन दिवस रुसली. मग तिने विचारले, “आजोबा, पुन्हा पूर आला तर?”

“तर ते घरी जातील,” मी म्हणालो.